गुलाबी दही

"खोटं! सर, हे खोटं!" मागच्या बाकावरची पोरगी थेट बाकावर चढून ओरडत होती, आणि निरोपाच्या केकवरचा सुरा माझ्या हातात तसाच राहिला.

चूक माझीच होती. व्हिएतनाममधल्या त्या डोंगरातल्या गावात मी दोन वर्षं इंग्रजी शिकवलं ते निव्वळ थापा मारून. पोरं नऊ-दहा वर्षांची. पुस्तकातलं सफरचंद दाखवलं की जांभया द्यायची. मग मी नियम केला: सर गोष्ट सांगणार, थाप सापडली की उठून ओरडायचं आणि ती थाप कशावरून, हे इंग्रजीत पटवून द्यायचं. माल काय, आपल्याकडे भरपूर. येलदरीच्या धरणातला मासा कूस बदलतो तेव्हा अख्ख्या जिल्ह्यातले दिवे मिचमिचतात. मानवतच्या कापसाच्या ढिगावर दिवाळीला चढलेला हमाल होळीला खाली उतरतो. जिंतूरची एसटी एवढी भरते की ड्रायव्हरलाच टपावर बसावं लागतं. माझ्याशी भांडता भांडता पोरांची इंग्रजी अशी सुटली की मलाच आवरेना.

खरं मी एकदाच सांगितलं. घरातून निघताना आई हातावर दही ठेवते, म्हणजे गेलेलं माणूस परत येतं. त्यावर अख्खा वर्ग उठून ओरडला. मासा निम्म्यांना तरी पटला होता, दही एकालाही पटलं नाही.

तर शेवटच्या दिवशी मी म्हणालो, पुढच्या वर्षी परत येईन, आणि ही बाकावर चढली. नियमाप्रमाणे मी विचारलं, कशावरून खोटं?

"तुम्ही सायकल चौकीदाराला दिलीत," ती म्हणाली. "परत येणारा माणूस सायकल ठेवतो."

इंग्रजी बिनचूक. सायकल देताना मी एवढा विचार केलाच नव्हता, की केला होता, देव जाणे. ती बाकावरून उतरली आणि सरळ बाहेर गेली. मला वाटलं, रुसली.

पाच मिनिटांनी आली ती कोपऱ्यावरच्या दुकानातला दह्याचा डबा घेऊन. स्ट्रॉबेरीचं, गुलाबी. माझा उजवा हात पुढं ओढला आणि डबा त्यावर पालथा केला. चमचाभरच ठेवतात, हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. दही कोपरापर्यंत गेलं, तिथून बुटात.

"आता?" तिनं विचारलं.

"आता खरं," मी म्हणालो, आणि सगळ्यांसमोर तळहात चाटून साफ केला. तो साफ झाला की नाही हे अकराही पोरांनी रांगेनं येऊन तपासलं.

मानवतला येऊन आता तिसरं वर्ष. इथंच शिकवण्या घेतो. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की डब्याची कधीच बादली झाली. मागच्या आठवड्यात आई तुरीची डाळ निवडत बसली होती, तिला बादलीसकट पुन्हा ऐकवली. म्हटलं, आई, एवढं दही पडलंय हातावर, आज ना उद्या मला जावंच लागणार बघ.

आईनं डाळीतला खडा काढून बाजूला टाकला.

"सायकल तर देऊन आलास," ती म्हणाली.