माणिकशेठ आणि तिसरा विभाग

माणिकशेठ एका गुरुवारी सकाळी दुकानात वारले. दुपारी नदीकाठी त्यांना अग्नी दिला. रविवारी पुण्यात आमच्या संघाचा सामना होता. आम्ही गेलो, खेळलो आणि हरलो.

ओतूरच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. पणजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठांचं बोलणं आमच्या मातीतलंच. मी तिथल्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते ग्रंथालयात येत आणि वर्तमानपत्रातलं खेळाचं पान उघडून गुणतक्ता खालून वर वाचत. मी एकदा कारण विचारलं. "वरच्याचं कौतुक करायला लई लोक हाईत, सर," ते म्हणाले. "खालचा टिकून हाय का, त्ये बघतो."

त्यांनी स्वतः कधी चेंडूला पाय लावला नव्हता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काही पोरं दुकानामागच्या पटांगणात फुटबॉल खेळू लागली. चेंडू सारखा कापडाच्या ताग्यांवर येऊन पडे. शेजारचे दुकानदार तो ठेवून घेत. शेठ चेंडू घेऊन बाहेर गेले.

"तुमी ह्ये कुणाशी खेळता रे?"

"आपसातच, शेठ."

"मग रोज हरतं कोन?"

पोरं एकमेकांकडे बोट दाखवू लागली. महिन्याभरात शेठांनी पुण्याला खेपा घालून जिल्ह्याच्या साखळी स्पर्धेत, तिसऱ्या म्हणजे सर्वांत खालच्या विभागात, संघाचं नाव घातलं. दुकानात न खपलेल्या जांभळ्या कापडाचे शर्ट शिवून दिले. पहिल्याच सामन्यात घामाने रंग सुटला आणि पोरं गळ्यापासून कमरेपर्यंत जांभळी होऊन एसटीत बसली. "ऱ्हाऊ द्या," शेठ म्हणाले, "आता कोन हरवलं तर सापडंल तरी." माझं अक्षर बरं आहे एवढ्यावर मला चिटणीस केलं.

सामन्याहून परतताना ते खिडकीशी बसत. दिवस डोंगराकडे कलला की डबा उघडत, कारण सूर्यास्तानंतर ते काही खात नसत. मेथीचे ठेपले असत, आणि सगळ्यांना पुरतील एवढे असत. पोरं मागच्या बाकावर कांदा घातलेली भेळ लपवून खात. शेठांना वास येई आणि ते खिडकी थोडी उघडत.

वाद एकाच गोष्टीवरून होई. जुन्नर-आंबेगावात तेव्हा जत्रेच्या दिवसांत गावोगाव फुटबॉलचे चषक होत. बाद पद्धतीचे सामने, दोन-तीन दिवसांत निकाल. हलगी वाजे, हजारो माणसं बांधावर बसत, आणि रात्री पाहुण्या संघांना बोकडाचं जेवण असे. साखळीच्या मैदानावर कोणी येत नसे. पोरांचा जीव अर्थातच चषकात होता. खरं सांगायचं तर माझाही. जो खेळ कोणी पाहत नाही त्यासाठी दर रविवारी इतका प्रवास का करायचा, हे मी शेठांना अनेकदा विचारलं होतं.

"शेठ, चषकात बोकड कापत्यात, म्हणून तुमचा राग," पोरं चिडवत.

"बोकडावर राग कशाला? चषक नको म्हननारे आमी दोघंच तर हाय. त्यो अन् मी."

पण एकदा, हसणं ओसरल्यावर, ते मला म्हणाले होते, "सर, चषकात हरला की पोरगं घरी. दुसऱ्या दिवशी कुनी इचारत न्हाई. साखळीत दहा गोल खाल्ले तरी म्हनत्यात, फुडच्या रविवारी ये. आपल्या पोरांना 'परत ये' म्हननारं कोन हाय दुसरं?"

आमचा कर्णधार निवृत्ती हा डिंभे धरणाजवळच्या एका गावचा. वडील धरणात मासेमारी करत. एसटीचा भरवसा नसल्यामुळे निवृत्ती कधी मासळीच्या टेम्पोत बसून येई, आणि शेठ त्याच्यापासून चार हात लांब उभे राहून त्याला डावपेच सांगत. एका वर्षी त्याच्याच गावच्या जत्रेतल्या चषकात आम्ही अंतिम फेरी गाठली. सामना शनिवारी दुपारी होता आणि रविवारी दुपारी पुण्यात साखळीचा. शेठांनी दोन्ही मान्य केले होते.

शनिवारी मध्यंतर झालं आणि देवाची पालखी मैदानात आली. त्या गावात पालखी जिथे टेकते तिथे भजन पुरं होईपर्यंत तिला उठवत नाहीत, आणि ती कुठे टेकेल हे खांदेकरी ठरवतात. ती मैदानाच्या मधोमध टेकली. दोन्ही संघांनी बूट काढले आणि भजनाला बसले. शेठही हात जोडून बसले. भजन संपलं तेव्हा अंधारात चेंडू दिसेनासा झाला होता. पंच म्हणाले, उरलेला खेळ उद्या सकाळी दहाला.

दहाला खेळून दुपारी पुण्याला पोचणं शक्य नव्हतं. त्या मोसमात गाडी चुकल्यामुळे आम्ही एक सामना आधीच बुडवला होता. दुसरा बुडवला तर संघाचं नाव साखळीतून काढणार होते.

"मी येत न्हाई, शेठ," निवृत्ती म्हणाला. "माझा बाप आलाय बघाया. जल्मात त्यानं मला खेळताना पायलं न्हाई."

"मग तू इथंच ऱ्हा. मी कवा न्हाई म्हनलो? मला सात जण दे."

"सात?"

"सातांवर सामना धरत्यात. सरांनी नियम वाचून दाखवलाय."

"अवो, आठ-नऊ गोल खाल तिथं."

"खाऊ की. पण तिथं जाऊन खाऊ."

सोळा पोरं होती. कोणी कुठे जायचं हे शेठांनी ठरवलं नाही. ज्याला यायचं त्याने यावं म्हणाले. सात हात वर व्हायला फार वेळ लागला. शेवटचा हात गोलरक्षकाच्या धाकट्या भावाचा होता. "मला तर कुटंच खेळवत न्हाईत," तो म्हणाला.

पुण्यात आम्ही नऊ गोल खाल्ले. प्रत्येक गोलनंतर शेठ बांधावरून ओरडत, "हां, चला, चेंडू मधी ठेवा!" जणू दुकानात नवा तागा उलगडत होते. समोरची पोरं आधी हसली. शेवटी त्यांनी आमच्या सातांशी हात मिळवले आणि त्यांचा कर्णधार शेठांच्या पाया पडला.

तिकडे जत्रेत निवृत्तीचे नऊ जण एका गोलने हरले. बोकडाचं जेवण जिंकणाऱ्यांबरोबर त्यांनाही मिळालं. निवृत्तीने नंतर मला सांगितलं की जेवताना वडिलांनी विचारलं, "आता परत कवा खेळायचं?" चषकाचा पुढचा सामनाच नव्हता. म्हणून तो म्हणाला, "फुडच्या रविवारी. पुन्यात."

पुढच्या रविवारी वडील टोपी घालून त्याच्याबरोबर आले. मैदानावर प्रेक्षक म्हणून ते एकटेच होते. शेठांनी त्यांना शेजारी बसवून ठेपला दिला.

"ह्यात बक्षीस काय म्हनायचं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"काय न्हाई."

"मग?"

"मग फुडच्या रविवारी परत."

म्हाताऱ्याने ठेपल्याचा आणखी एक तुकडा मोडला. "आमच्या मासळीवानीच की. आज न्हाई घावली तर..."

"पावणं, मासळीचं नाव नगा काढू," शेठ म्हणाले, "मी जेवतोय."

दोघं हसले. त्या दिवशी निवृत्तीने गोल केला, आणि म्हातारा उभा राहून काय ओरडला ते कोणालाच कळलं नाही. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांआड ते येत राहिले, धरणावरचं काम झेपेना होईपर्यंत. चषक मोठा की साखळी, हा वाद निवृत्तीने पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही, मात्र हलगी ऐकली की आजही माझा पाय थबकतो.

शेठ गेले त्याच्या आधीच जत्रेतले फुटबॉलचे चषक एकेक करून थांबले. जत्रा भरवणारी गावची पंचमंडळी क्रिकेटकडे वळली. चषकांवर जगणारे आसपासचे संघ दोन-तीन वर्षांत मोडले. त्यातली चांगली पोरं आमच्याकडे आली, काहींनी खेळ सोडला.

आता क्लब निवृत्ती बघतो. संघ अजून तिसऱ्या विभागातच आहे. मोसमातले सगळे सामने खेळतो.