एरिवानच्या गालावरची सावली

वाल्देनीरा फोटोवालीला एरिवानचा ठावठिकाणा माहीत आहे आणि ती तो दडवून ठेवते, अशी कुजबूज आमच्या गावात बरीच वर्षं होती. कुणी म्हणे, त्याचा तिला फोन येतो. कुणी म्हणे, फोन कसला घेऊन बसलात, ती त्याला भेटून आली. म्हणजे पार साओ पाउलोला. जी बाई शेजारच्या गावाला जाताना बसमध्ये पिशवी तोंडाशी धरून बसते, ती. माझं तसबिरींच्या चौकटींचं दुकान तिच्या स्टुडिओला लागून, त्यामुळे लोक खातरजमा करायला माझ्याकडे यायचे. आणि दारात आलेल्याला विन्मुख पाठवणं माझ्या स्वभावात नाही.

वाल्देनीरा ही लौरिंदो चिताऱ्याची मुलगी. लौरिंदो सायकलला पेटी बांधून सेआराच्या कोरड्या मुलखात वस्तीवस्तीवर फिरायचा, लोकांचे पिवळे पडलेले फोटो गोळा करायचा आणि मोठे करून, रंगवून परत आणून द्यायचा. अनवाणी माणसाला कोट-टाय, बोळक्या तोंडाला दात, आणि जिचा नवरा हयातीत कधी तिच्या शेजारी बसला नाही तिला गालाला गाल लावून बसलेला नवरा. वाल्देनीरा तेच काम संगणकावर करू लागली. ब्रश गेला, माऊस आला, गिऱ्हाइकांच्या मागण्या त्याच राहिल्या. चष्मा कपाळावर, दाढेखाली लवंग. समोरच्या माणसाची हनुवटी एका बोटाने वर करायची आणि म्हणायची, "असंच थांब, आता देखणा दिसतोस, बोललास की बिघडतं."

बापाचा एक नियम मात्र तिने सोडला नाही. जिवंत माणसावर उजेड एका बाजूने, म्हणजे दुसऱ्या गालावर सावली. मेलेल्यावर उजेड सगळीकडून सारखा, सावलीचं नाव नाही. लौरिंदो म्हणायचा, तिथे ऊन कलणार तरी कुठून? हा नियम गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक. कुणाच्या घरात शिरलं की भिंतीकडे नजर टाकायची आणि ठरवायचं, कोणाची ख्यालीखुशाली विचारायची आणि कोणासाठी छातीवर क्रूस काढायचा.

म्हणूनच दोना ओतीलियाच्या कामाने वाल्देनीराची झोप उडाली.

दोना ओतीलियाचा एकुलता एक मुलगा एरिवान. दक्षिणेला, साओ पाउलोला बांधकामावर गेला, सुरुवातीला फोन करायचा, मग नाताळला करायचा, मग तोही बंद. मागे राहिली म्हातारी आई आणि त्याची बायको लिंदासी, एका छपराखाली, एका चुलीवर. लिंदासी चाळिशीला टेकली होती. आमचा पाववाला आदेर्बाल, विधुर, सरळ माणूस, पण लाजाळू इतका की सकाळी तिला सगळ्यांत खरपूस पाव देतानासुद्धा छताकडे बघायचा. त्याच्या बहिणीने त्याला दूर पेत्रोलीना शहरात भट्टी चालवायला बोलावलं होतं आणि लिंदासीने सोबत यावं असं त्याने, छताकडे बघतच, विचारलं होतं. लिंदासीला जायचं होतं. पण सासूला टाकून, तिच्या आशीर्वादाशिवाय ती निघणार नव्हती.

ओतीलियाच्या घरी येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीपुढची वार्षिक प्रार्थना जवळ आली होती. तिला त्या दिवशी त्या तसबिरीखाली घरच्यांचा फोटो लावायचा होता: ती, तिचा दिवंगत नवरा आन्सेल्मो आणि एरिवान. एरिवानचा एकच फोटो उरला होता, तिच्या पलंगावरचा, काचेच्या चौकटीत. चौकटीसकट छातीशी धरून ती आली. स्टुडिओची आणि माझी भिंत पातळ, आणि कान तर माझे पहिल्यापासूनच तल्लख.

वाल्देनीराने तिला स्टुलावर बसवलं, एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरून सावली जरा मऊ केली, फोटो काढला. म्हातारीने सोन्याची कर्णफुलं मागितली, जी तिच्या कानांनी कधी पाहिली नव्हती. सुरकुत्या थोड्या ठेव म्हणाली, नाहीतर आन्सेल्मो ओळखायचा नाही. मग वाल्देनीराने विचारलं, एरिवानला उजेड कसा देऊ?

पलीकडे स्टूल करकरलं.

"तू ठरव," दोना ओतीलिया म्हणाली. "तो मेला असं माझ्या तोंडून निघायचं नाही. आणि जिवंत आहे म्हणायला आता जीभ रेटत नाही. तू जन्मभर माणसांची तोंडंच बघितलीस ना? मग बघ त्याच्या तोंडाकडे."

"दोना ओतीलिया, फोटो काही सांगत नसतो हो."

"मग तू सांग. तू जे भिंतीवर लावशील ते मी मानेन."

दुसऱ्याच दिवशी लिंदासी आली. ओट्यावर उभी राहून आधी पावसाचं, मग गुळाचं बोलली.

"सावली टाकू नकोस, वाल्दे," शेवटी तिने सांगून टाकलं. "विधवा झाले तर म्हातारी मला सोडेल. सावली पडली तर मी ह्या घरात वाट बघत मरेन, आणि आदेर्बाल भट्टी विझवून बसलाय."

"आणि उद्या तुझा नवरा दारात उभा राहिला तर?"

"तर तुझा फोटो खोटा पडेल. त्याने तुझं काय जातं?"

त्याच दुपारी वाल्देनीराने स्टुडिओचं दार आतून लावून घेतलं. उघडलं तेव्हा लवंग तोंडात नव्हती आणि चेहरा उतरला होता. आणि मग तिने जे केलं त्यातूनच सगळी कुजबूज उगवली. ही बाई गावभर एरिवानचा फोटो मागत सुटली. त्याच्याबरोबर फुटबॉल खेळलेल्यांकडे, त्याच्या धर्मबापाकडे, शाळेत, चर्चमध्ये, औषधाच्या दुकानात. कसलाही चालेल, गर्दीतला, पुसटसा. औषधाच्या दुकानातली बाई मला म्हणाली, परक्या बाईच्या नवऱ्याचे फोटो एवढ्या तळमळीने कोण मागतं? मी म्हटलं, बघा बुवा, मी काय बोलू. एवढं पुरलं. पुराच्या साली गावातले निम्मे फोटो वाहून गेले होते. तिला एकही मिळाला नाही.

इकडे दिवस सरत होते. ओतीलिया येऊन विचारायची, झाला का. लिंदासी येऊन विचारायची नाही, नुसती बघून जायची. आदेर्बालने भट्टीचे पत्रे विकले. मी चौकट तयार करून ठेवली होती, पण वाल्देनीराने ती माझ्याकडून नेली आणि फोटो स्वतः बसवला; मला बघू दिला नाही. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच. मी दुखावलो.

प्रार्थनेच्या दिवशी ओतीलियाच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मक्याचा आलुआ पेल्यांत ओतून झाला होता, पण कुणी पीत नव्हतं. प्रार्थना सांगणारी म्हातारी दोन ओळी गाळून पुढे गेली तरी कुणी टोकलं नाही. सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या, कापड टाकलेल्या तसबिरीवर. लिंदासी बिस्किटांचं तबक धरून स्वयंपाकघराच्या दारात. आदेर्बाल बाहेर अंगणात, टोपी हातात, ह्या खेपेला जमिनीकडे बघत. वाल्देनीरा सर्वांत मागे, दाराला चिकटून.

ओतीलियाने कापड ओढलं.

मधोमध ती, कर्णफुलांसकट, एक गाल सावलीत. तिच्या गालाशी आन्सेल्मो, निळ्या कोटात, सगळा लख्ख. आणि दोघांच्या मागे, आईच्या खांद्याआडून जरा वाकलेला, एरिवान. अर्धा चेहरा उजेडात, लहानपणी वासराने लाथ मारून दुभंगलेली त्याची भुवई अगदी स्पष्ट. दुसरा अर्धा इतक्या दाट सावलीत, की आमच्या गावात एवढी सावली कुणाच्याच वाट्याला आली नव्हती.

लिंदासीने तबक खाली ठेवलं.

ओतीलियाने ती भुवई बोटाने चाचपली. "जिवंत आहे," ती म्हणाली. मग सुनेकडे वळली.

"जिवंत आहे आणि एक फोन करत नाही," ती म्हणाली. "मेला असता तर तुला माझ्याशेजारी बसवून काळे कपडे घालायला लावले असते, आणि तू घातले असतेस. जिवंत माणसाची बायको सांभाळणं हे त्याचं काम, माझं नव्हे. जा, बॅग भर. तो पाववाला उन्हात वाळतोय."

लिंदासी पेत्रोलीनाला गेली. पाद्रीबाबांनी नाक मुरडलं, तरी निरोपाला पाव त्यांनाही पोचले. दर प्रार्थनेला ती येत राहिली. ओतीलिया रोज सकाळी तसबीर पुसताना एरिवानला शिव्या घालायची, आन्सेल्मोला मात्र नाही. पुढे ती वारली तेव्हा लिंदासीच्या सांगण्यावरून वाल्देनीराने तिच्या गालावरची सावली काढली. एरिवानची तशीच राहिली. त्यावरून तर गावाची खात्रीच पटली, की हिला नक्की ठाऊक आहे. कुणी विचारलं तर ती हो म्हणत नसे, नाही म्हणत नसे; विचारणाऱ्याची हनुवटी वर करायची.

वाल्देनीरा लेकीकडे राहायला जाताना चौकटींच्या जुन्या काचा मला देऊन गेली. त्यातल्या एका काचेच्या कडेला फोटोतला एक कान आणि थोडे केस चिकटलेले होते. मी तिला लेकीच्या घरी फोन करून विचारलं, आणि तिने सांगितलं.

तिला एरिवानचा फोन कधी आला नव्हता. तो जिवंत आहे की मेला, हे तिला माहीत नव्हतं. ओल लागून त्याचा फोटो काचेला चिकटला होता. स्कॅनरवर ठेवण्यासाठी तिने तो काचेवरून सोडवला, तेव्हा अर्धा चेहरा खपल्या होऊन गळून पडला. उरलेली बाजू उलटवून तिने तिथे लावून पाहिली, तर दोन दुभंगलेल्या भुवयांचा कुणी अनोळखी माणूस झाला. दुसरा फोटो मिळाला नाही. म्हणून तिने तिथे सावली टाकली.