दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही

“तिले जायचंच नाही बाप्पा. मायबापानं पाठवलं म्हणून येऊन राहिली.”

मी जिन्यात सँडलचा पट्टा लावत होते. वर, हिब्रूच्या वर्गाच्या दाराबाहेर माझ्या दोन वर्गमैत्रिणी उभ्या होत्या. बोलणारी चांदूर बाजारची. दुसरी नांदगाव खंडेश्वरची, ती म्हणाली, “अवं, इंग्लिश मीडियमची आहे ते. तिच्या तोंडातून शब्द काढाले पाना लागते.” दोघी हसल्या. मी लावलेला पट्टा सोडून पुन्हा लावला. आपण ऐकलं हे त्यांना कळू नये, एवढंच.

खरं तर सगळं उलटं होतं. इस्राएलमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या घरी राहून त्यांची शुश्रूषा करायची, हा विषय घरात मीच काढला होता. अकोल्यात आमचं फुलांचं दुकान आहे. तिकडच्या युद्धाच्या बातम्या लागल्या की आई हातातला हार खाली ठेवून टीव्ही बंद करते. “नर्सिंग केलं, तं इथं दवाखाने कमी आहेत का?” असं ती रोज विचारते. मी वाद घालत नाही. सकाळची गाडी पकडते आणि अमरावतीला या वर्गाला येते.

शिकवणाऱ्या बाईंना आम्ही मोरा म्हणतो. हिब्रूत मोरा म्हणजे शिक्षिका, आपल्या शाळेतल्या बाईच. त्या इथल्याच, पण बरीच वर्षं तिकडे काम करून परतलेल्या. नव्यानं आलेल्या लोकांना तिकडे जसं शिकवतात, तसंच त्या आम्हाला शिकवतात: सकाळपासून दुपारपर्यंत वर्गात फक्त हिब्रू, अगदी पहिल्या दिवसापासून. मराठी बोलायचं तर जिन्यात जायचं.

पहिल्याच आठवड्यात मोरांनी थर्मास उघडला आणि एकेकीला विचारलं, “काफे?” आम्ही ओळीनं, नुकतंच शिकलेलं “लो, तोदा” म्हटलं. नको, धन्यवाद. मोरांनी स्वतःपुरती कॉफी ओतली, थर्मास बंद केला आणि आमच्यासमोर बसून शांतपणे ती प्यायल्या. आम्ही एकमेकींची तोंडं बघत राहिलो. आमच्याकडे पहिलं नको कोणी खरं धरत नाही. पाहुण्यानं नको म्हणायचं, घरच्यांनी “घ्या हो, लाजता काय” म्हणायचं, मग पाहुण्यानं हात पुढे करायचा. लहानपणी कोणाकडे जाताना आई दारातच बजावायची, “पहिल्यांदाच हो म्हणू नको. लोक म्हणतील, पोरगी हावरी आहे.”

त्या दिवशी जिन्यात चांदूर बाजारच्या मुलीनं विचारलंच, “मोरा, तुमी तं इथल्याच ना? मंग दुसऱ्यांदा काहून नाही विचारलं?”

“तिथं कोणी विचारणार नाही, माय,” मोरा म्हणाल्या. “नको म्हटलं की नको. पहिले काही दिवस मी भूक असून नको म्हणत होती न् उपाशी झोपत होती. मालकीणबाई बिचारी समजे, हिले जेवणच लागत नाही.”

दुसऱ्या दिवशी थर्मास दिसताच सगळ्या “केन, केन!” ओरडल्या. हो, हो! मीही कप पुढे केला. कॉफीपुरतं मला जमलं.

बोलण्याचं मात्र जमेना. संवादासाठी पुढे कोण येणार, असं मोरा विचारत. माझं वाक्य तोवर डोक्यात तयार होत असे, आधी इंग्रजीत, मग हिब्रूत. शाळेत चुकलं की वर्ग हसायचा, म्हणून पूर्ण वाक्य तयार झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही माझी सवय. म्हणून मी “लो” म्हणे आणि वाट बघे, की त्या “ये गं” म्हणतील. त्या मान हलवून पुढच्या मुलीकडे वळत. नांदगावची मुलगी धडाधड चुकत बोले, स्वतःच हसे आणि पुन्हा बोले. वहीत माझं सगळं बरोबर होतं, पण माझा आवाज मोरांनी जवळजवळ ऐकलाच नव्हता.

मग एके दिवशी त्यांनी मुलाखतीचं विचारलं. तिकडे नोकरी लावून देणाऱ्या एजन्सीचे लोक ऑनलाइन मुलाखत घेणार होते. वर्गात जी स्वतः हो म्हणेल तिलाच मोरा बसवणार होत्या, आणि पुढची मुलाखत कधी, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्या एकेकीसमोर थांबत गेल्या. “अनी रोत्सा,” नांदगावची म्हणाली. मला हवं आहे. “अनी रोत्सा,” चांदूर बाजारची म्हणाली.

मग त्या माझ्यासमोर थांबल्या. मी तयार आहे, पण अजून थोडा सराव हवा, असं लांबलचक काहीतरी मी जुळवत होते. ते जुळेपर्यंत तोंडातून सवयीनं निघून गेलं, “लो...”

मोरांनी मान हलवली. चेहऱ्यावर राग नव्हता, आग्रहही नव्हता. त्या पुढे गेल्या. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, “पाह्य, म्या सांगतलं होतं.” माझ्या शेजारच्या मुलीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं.

कोणाचं बोलणं तोडायचं नाही, असं मला घरीही शिकवलं होतं आणि शाळेतही. मी उभी राहिले. खुर्ची मागे आपटली. डोक्यात एकही वाक्य तयार नव्हतं.

“मोरा!” मी म्हणाले. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “लो, लो! अनी रोत्सा!”