रुंद डोक्याचे बोल्ट

मी आयुष्यात एकही हरीण मारलेलं नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण दोहाजवळच्या अल वक्रातल्या त्या शुक्रवारी एवढं एक वाक्य तोंडातून निघालं असतं, तर पुढची सगळी दमणूक वाचली असती. माझी आणि घराचीही.

पण माझं तोंड असं, की खरं बोलायचं असलं की त्यात सुपारी अडकते. बढाईला मात्र दात नसले तरी चालतात!

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढं तेहतीस वर्षं साखर कारखान्यात फिटर. मोठा मुलगा विलास कतारला वर्ल्डकपच्या स्टेडियमवर इंजिनियर. त्यानं बोलावलं म्हणून आलो. आमची मंडळी गावीच राहिली, कारण म्हैस व्यायची होती. ("म्हैस माझ्यावाचून राहायची नाही," म्हणाली. मी राहीन का, याची चौकशी नव्हती.)

तेव्हा दोहात जो तो उलटे दिवस मोजत होता. वर्ल्डकपला इतके दिवस राहिले, तितके दिवस राहिले. सगळ्या गावाला त्याचा आनंद, आणि आमच्या घरात एकेक दिवस कमी झाला की सूनबाईचा चेहरा उतरायचा. कारण सरळ होतं. स्टेडियम झालं की काम खलास, काम खलास की व्हिसा खलास, आणि इराची शाळा अर्ध्यावर. इरा म्हणजे माझी नात, वय वर्षं नऊ. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत.

विलासची सगळी आशा त्याच्या साहेबावर, ग्रेगवर. कॅनडाचा माणूस, भला मोठा आणि लालेलाल. स्टेडियम झाल्यावर देखभालीला चार माणसं ठेवणार होते, आणि त्या चौघांना पत्र देणं ग्रेगच्या हातात होतं. म्हणून मंजिरीनं, म्हणजे सूनबाईनं, त्याला शुक्रवारी पुरणपोळी खायला बोलावलं. मला बजावलं,

"आप्पा, साहेबांशी कामाचं काही बोलायचं नाही हं. इकडचं तिकडचं बोला."

मी सूनबाईचा शब्द पाळला. कामाचा चकार शब्द बोललो नाही. तिथंच घोटाळा झाला!

साहेब येऊन बसला आणि नेमका विलासला साइटवरून फोन आला. तो बाल्कनीत गेला. मंजिरी तव्यापाशी, इरा पाणी आणायला. साहेबानं बॅगेतून काहीतरी काढून विलासच्या ताटाशेजारी ठेवलं, छातीवर हात ठेवून माझ्याशी दोन वाक्यं बोलला. मी दोनदा मान हलवली. (इंग्रजीला मी नेहमी दोनदा हलवतो. एकदाच हलवली तर माणसं पुन्हा विचारतात.)

इरा पाणी घेऊन आली आणि बोलण्याची गाडी जुंपली.

"आजोबा, वर्ल्डकपनंतर अंकल घरी जाणार, कॅनडा. देन ही विल हंट डिअर."

माझा घास हातातच राहिला. "दीर? कुणाचा दीर?"

"डिअर, आजोबा! हंटिंग! ठो!"

आमच्या घरात दीर एकच. मंजिरीचा दीर, म्हणजे माझा धाकटा सुनील, पुण्यात बँकेत आहे. त्या गरिबानं या गोऱ्या माणसाचं काय घोडं मारलं, मला कळेना. शेवटी इरानं डोक्यावर दोन्ही हातांची बोटं पसरून शिंगं करून दाखवली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

"हरीण होय! मग असं सांग की! म्हणावं, आमचे आजोबा जुने शिकारी आहेत."

(शिकारीत मी होतो, हे खोटं नाही. अकरा वर्षांचा असताना राधानगरीकडच्या रानात मोठी माणसं भेकरामागं निघाली होती. आरडाओरडा करून जनावर उठवायला पोरं लागतात, म्हणून माझ्या हातात पत्र्याचा डबा देऊन मला नेलं. मी डबा वाजवला. जनावर उठलं, ते रानडुक्कर निघालं. डबा तिथंच राहिला आणि मी घरी आलो.)

साहेबाचे डोळे लकाकले. खुर्ची सरकवून माझ्याजवळ आला आणि मोबाइलवर चित्रं दाखवायला लागला. आडवं धनुष्य, त्याला बंदुकीसारखा दस्ता, खाली चाप. क्रॉसबो म्हणे. त्याचा भाऊ तिकडं कॅनडात विकत घेऊन ठेवणार होता, फक्त तीनातलं कुठलं घ्यायचं ते ठरत नव्हतं.

"आजोबा, ही वॉन्ट्स युअर ॲडव्हाइस."

माझा सल्ला! घरात रिमोटचं बटण कुठलं दाबायचं हे मला कुणी विचारत नाही, आणि इथं कॅनडाचा साहेब वही उघडून बसलेला!

पहिल्या चित्राखाली दीडशे पौंड लिहिलं होतं. पौंड मला कारखान्यापासून ठाऊक. "दीडशे पौंड म्हणजे सत्तर किलो झाले! सिमेंटचं पोतं पन्नासाचं असतं. पोतं अंगावर घेऊन हरणामागं कोण धावणार? पन्नास पौंडांचं घे म्हणावं."

साहेबाच्या भुवया वर गेल्या, पण लिहून घेतलं.

"वरती दुर्बीण बसवायची का, विचारतोय."

"नजर धड असेल तर दुर्बीण कशाला?" लिहून घेतलं.

"दोरीला वॅक्स?"

"ग्रीस लाव म्हणावं. जगात ग्रीसनं सुटत नाही असं काही नाही." तेही लिहून घेतलं!

मग त्यानं शेवटचं विचारलं, आणि इरा म्हणाली, "आजोबा, बोल्ट्स कुठले? ब्रॉडहेड?"

मला भरून आलं. एवढ्या बोलण्यात माझ्या घरचा पहिला शब्द तो! बोल्ट! ज्यावर मी तेहतीस वर्षं पोट भरलं, दोन पोरं शिकवली! ब्रॉडहेड म्हणजे रुंद डोक्याचे, एवढं तर कारखान्यातलं कुत्रंसुद्धा सांगेल.

"रुंद डोक्याचेच पाहिजेत. अर्धा इंची, वर वॉशर. इरे, पेन आण." समोर ताटाशेजारी एक पांढरं पाकीट पालथं पडलं होतं. त्याच्या पाठीवर मी ते धनुष्य काढलं, शेजारी बोल्ट काढला, डोकं, आटे, नट, वॉशर, सगळ्याला बाण दाखवून मापं लिहिली. साहेबानं एकदा हात पुढं केला आणि मागं घेतला. मला वाटलं, कारागिरी बघून बिचारा गप्प झाला!

"बोल्टचं माझ्यावर सोड म्हणावं. आपल्याकडून भेट." पाकीट मी खिशात घातलं.

तेवढ्यात विलास आला. "सॉरी सर, क्रेनचं लफडं झालं होतं. काय म्हणतायत आप्पा?"

आप्पा काय म्हणत होते, ते पुढचे तीन आठवडे पुरलं.

खोटं बोलायला ताकद लागत नाही. ते सांभाळायला लागते, आणि बहात्तराव्या वर्षी ती उरलेली नसते. विलास कामावरून यायचा तो बूट काढायचंही त्राण नसल्यासारखा. सोफ्यावर पडल्या पडल्या म्हणायचा,

"आप्पा, दोघांना पत्रं मिळाली. माझं काही नाही."

"साहेबाला विचार की."

"असं विचारता येत नाही. तेच रोज मला विचारतात, काय ठरलं म्हणून."

"कशाचं?"

"तुमच्या त्या धनुष्याचं असणार, दुसरं काय! मी सांगतो, आप्पा अजून विचार करतायत, सर."

"मग?"

"मग ते म्हणतात, आप्पांवर आहे का सगळं? मी म्हटलं, हो सर, आमच्यात वडीलधाऱ्यांच्या शब्दाबाहेर जात नाहीत."

ऐकून माझी छाती दोन इंच फुगली. आता बोल्ट पाठवायलाच हवे होते! ऊन उतरल्यावर वक्रातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदार मलबारी.

"चाचा, किस के लिए चाहिए?"

"हिरन के लिए."

"हिरन को बोल्ट?"

"तुम बोल्ट देव, हिरन का मैं देखता."

त्यानं मुकाट्यानं दोन डझन मोजून दिले. शेजारच्या टपरीवर एक कडक चहा घेतला, घरी आलो, बाकरवडीचा रिकामा खोका धुंडाळला. खाली बोल्ट, वर नट आणि वॉशर, आणि मापं चुकायला नकोत म्हणून सगळ्यात वर माझं चित्र काढलेलं पाकीट. चिकटपट्टी लावून खोका विलासच्या हातात दिला.

"साहेबाला दे. आपल्याकडची भेट."

विलासनं खोका हातावर तोलला. "एवढी जड बाकरवडी?"

"साजूक तुपातली आहे."

"बाकरवडी कधी तुपात तळतात का, आप्पा?"

"तू उशीर करू नको. यल्ला, चल नीघ!"

पोरगं इतकं थकलेलं, की वादही घालू शकलं नाही. घेऊन गेलं.

त्या दिवसापासून साहेब विलासशी बोलायचाच थांबला. समोर आला की मान खाली घालायचा. चौघांतली तीन पत्रं दिली गेली आणि चौथ्यासाठी कुणा दुसऱ्याचं नाव कानावर यायला लागलं. मंजिरी सुपरमार्केटमधून येताना रिकामे खोके आणायला लागली. इरानं विचारलं, "आजोबा, आर वी गोइंग बॅक?" मी म्हटलं, "बोल्ट आवडले नसतील त्याला. पुढच्या वेळी स्टेनलेस देऊ." खरं सांगतो, तेव्हासुद्धा मला काळजी त्या बोल्टांचीच!

पुढच्या शुक्रवारी जेवणं झाली आणि बेल वाजली. दारात ग्रेग. हातात बाकरवडीचा खोका. आत आला, खोका टेबलावर ठेवला (धाडकन आवाज झाला) आणि विलासकडं न बघता माझ्याकडं बघून बोलायला लागला. इरा सांगत गेली,

"ही सेज, नको असेल तर नको. ही विल अंडरस्टँड. पण लेटर न उघडता परत का पाठवलं? अँड का त्याच्यावर वेपन काढलं? अँड व्हाय ट्वेंटी फोर बोल्ट्स? ही थॉट... आजोबा, त्यांना वाटलं तुम्ही धमकी देताय."

"कुठलं लेटर?" विलास ताडकन उठला.

ग्रेगनं खोक्यातून पाकीट काढलं. पाठीवर माझं धनुष्य, माझे बोल्ट, माझी मापं. मग त्यानं ते उलटं केलं. पुढच्या बाजूला विलासचं नाव छापलेलं! हातोहात द्यायचं म्हणून त्या पहिल्याच शुक्रवारी मुद्दाम घेऊन आला होता. छातीवर हात ठेवून माझ्याजवळ जे बोलला, ते हेच, की हे तुमच्या मुलाला द्या. आणि मी दोनदा मान हलवली होती!

(इंग्रजीत विलास एवढं नाव मला वाचता येतं. पण कुणी सुलटं ठेवलं तर ना!)

मंजिरीनं फक्त "आप्पाऽ" म्हटलं. तेवढं पुरलं.

"मुदत कधीपर्यंत आहे, सर?" विलासनं विचारलं.

रविवारपर्यंत. रविवारी दुसऱ्याचं नाव जाणार होतं, म्हणून साहेब शेवटचं विचारायला आला होता. विलासनं पाकीट फाडलं, माझ्या धनुष्याचे दोन तुकडे झाले, आणि आतल्या पत्रावर उभ्या उभ्या सही केली. मंजिरी आत जाऊन डोळे पुसून आली आणि येताना चहा घेऊन आली.

चहा घेता घेता साहेबानं माझं शिक्षण पुरं केलं. त्या यंत्रातून सुटणाऱ्या बाणालाच ते लोक बोल्ट म्हणतात! ब्रॉडहेड म्हणजे त्याचं पात्याचं टोक. आणि पौंड म्हणजे वजन नव्हेच, दोरी ओढायला लागणारा जोर. पन्नास पौंडांचं मागितलं, तेव्हा त्याच्या भावानं फोनवर विचारलं म्हणे, की हरीण मारायचंय का गुदगुल्या करायच्यात?

मी हार मानणारा नव्हे. "आमच्याकडची भेकरं लहान असतात," मी म्हटलं. "त्यांना तेवढं पुरतं."

तेवढ्यात मंजिरीचा फोन वाजला. आमच्या मंडळींचा, गावाहून. फोनमध्ये चेहरा दिसतो, तसला. साहेबानं हौसेनं हात हलवला आणि इराकरवी विचारलं, तुमच्या यजमानांनी किती हरणं मारली?

"हरणं? ह्यांनी?" पलीकडून आवाज आला. मागं म्हैसही ओरडली. "अगं इरे, घरात उंदीर निघाला तर हे खाटेवर चढतात! झाडू मला घ्यावा लागतो!"

एरवी ही पोरगी माझ्या चार वाक्यांचं एक वाक्य करते. त्या दिवशी मात्र एक अक्षर गाळलं नाही. झाडूसकट सांगितलं.

ग्रेग इतका हसला की चहा सांडला. मग डोळे पुसत म्हणाला, की त्यानंही अजून काही मारलेलं नाही. शिकारी त्याचा भाऊ. हा दरवर्षी गाडीत थर्मास सांभाळत बसतो. यंदा मीही मारणार म्हणून भावाजवळ बोलून बसला होता, आणि त्याला विचारायची लाज, म्हणून मला विचारलं. म्हणजे त्याच्याही हातात डबाच!

जाताना बोल्टांचा खोका मात्र बरोबर घेऊन गेला. बागेतलं बाकडं डुगडुगतं म्हणे. (पुढं कळलं, अगदी बरोबर बसले. अर्धा इंची, वर वॉशर.)

विलास माझ्यावर रागावला नाही. रागवायलाही अंगात जोर लागतो. सोफ्यावर पाठ टेकून डोळे मिटले आणि म्हणाला,

"आप्पा, पुढच्या शुक्रवारी देखभालीच्या कामाचे नवीन साहेब जेवायला येणार आहेत."

"बरं. मग?"

"काही नाही. इराच्या खोलीतली खाट मोकळी आहे."

त्या शुक्रवारी बेल वाजायच्या आधीच मी खाटेवर चढून बसलो होतो. पेन मंजिरीनं सकाळीच काढून घेतलं होतं.