उजवीने एक, डावीने एक

आमच्या घरात एक शिकारी आहे. माझा नवरा. नाव उदयसिंह, वय सत्तरीला टेकलेलं, मिशी मात्र अजून तिशीतली. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होत आली. एवढ्या काळात या शिकाऱ्याने घरात काही मारलं असेल, तर थापाच. झुरळ दिसलं की "सुमती!" अशी हाक येते आणि चप्पल घेऊन मी धावते.

खरे शिकारी होते माझे सासरे. खाडीकाठी आमची मिठागरं होती, थंडीत तिथे रानबदकं उतरायची आणि सासरे आपली दुनळी बंदूक घेऊन बांधाआड बसायचे. पडलेली बदकं गुडघाभर चिखलातून उचलून आणायचं काम लहानग्या उदयसिंहांचं. म्हणजे आमच्या शिकाऱ्याचा अनुभव काय, तर हमालीचा! सासरे गेले आणि दुनळी यांच्या नावावर झाली, तोवर शिकारीला बंदी आली होती. परवाना उरला शेतराखणीचा. पुढे विचुंब्याचं शेतही बिल्डरला गेलं, तिथे बिल्डिंग झाली आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहायला आलो. आता खालच्या पार्किंगमधलं पीक राखायला आमच्याकडे बंदूक आहे. निवडणूक आली की हे ती टॉवेलात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करून येतात. तिने निवडणुका जेवढ्या पाहिल्यात, तेवढी बदकं काही पाहिली नसतील.

पण ज्ञान विचारा! पाहुणा सोफ्यावर टेकला रे टेकला की माझं लाटणं आणि ताकाची रवी यांच्या हातात. दोन्ही शेजारी-शेजारी धरायची, ती झाली दुनळी.

"नळ्या अशा शेजारी-शेजारी पाहिजेत. एकीवर एक असली तर ती बंदूकच नव्हे. उजवी नळी जवळच्या पाखराला, हिचे छर्रे पसरतात. डावीचं तोंड जरा आवळलेलं, ती लांबच्याला. थवा अंगावर आला की उजवी. बार ऐकून उधळला की डावी. उजवीने एक, डावीने एक, बास! तिसरं मागतो तो शिकारी नव्हे, हावरट."

तोवर पाहुण्याचा चहा थंड आणि माझ्या पोळ्या अडलेल्या.

खऱ्या दुनळीला मात्र हे बाहेरूनच तेल लावायचे. लाकडी दस्ता असा चकचकीत, की त्यात बघून भांग पाडावा. उघडायचं नाव नाही. "बाबांनी शेवटची मिटली, ती तशीच राहू दे," म्हणायचे. दसऱ्याला मी तिची पूजा करायची. पाटावर उभी, तोंड वर, भिंतीला टेकवलेली. हळद, कुंकू, अक्षता, आणि दोन्ही नळ्यांच्या तोंडावर एकेक झेंडू. वरून घातलेलं खाली कुठे जातं हा विचार मला शिवला नाही. देवाला वाहिलेलं जातं कुठे, हे कोण बघतं?

या जानेवारीत सोसायटीने पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला आणि मसाला लावून मी दिलेला गावठी कोंबडा. मडकं फुटलं, घमघमाट सुटला, कुणीतरी म्हणालं, "काका, चिकन झकास!" झालं! यांच्या अंगात आलं.

"बदक आहे ते," हे म्हणाले. "आज पहाटेच खाडीवर जाऊन आलो. उजवीने एक, डावीने एक."

पहाटे? पहाटे हे कानटोपी घालून घोरत होते! पण चारचौघांत नवऱ्याला खोटं कसं पाडायचं, म्हणून मी शेंगा सोलत बसले. बी विंगमधल्या अनुयाने हातातला घास खाली ठेवला. ती पोरगी पक्ष्यांचे फोटो काढते. दुसऱ्या दिवशी तिने वनखात्याला कळवलं. तिचं काही चुकलं नाही, मीही तेच केलं असतं.

वनखात्याचे साहेब आले. त्यांच्यामागे अर्धी सोसायटी, फुकटचा तमाशा कोण सोडतो!

"काका, बदकं मारलीत असं कळलं. खरं असेल तर तुरुंग होईल, बंदूकही जाईल. उगाच बोलला असाल तर तसं सांगा."

किती सोपं होतं! 'थाप मारली साहेब', एवढंच म्हणायचं. पण दारात सगळे उभे. यांनी मिशीवरून हात फिरवला.

"मारली," हे म्हणाले. "उजवीने एक..."

"कोंबडा होता तो, साहेब!" मी ओरडलेच. "कळंबोलीहून मी आणला होता."

"बायको असंच म्हणणार," मागून कुणीतरी पचकलं.

"मग बंदूक उघडून बघा!"

"सुमती," हे म्हणाले, "बाबांच्या हातची मिटलेली आहे ती. राहू दे." असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. माझा पाय अडला. पण यांना शुगर, गुडघे गेलेले, चहा लागतो बिछान्यात. असला शिकारी तुरुंगात एक रात्र टिकायचा नाही. मी कपाटातून दुनळी काढून साहेबांच्या हातात दिली.

उघडता उघडेना. शेवटी गुडघ्यावर दाबली तेव्हा कडकन उघडली. साहेबांनी नळ्या ट्यूबलाइटकडे धरून डोळा लावला, तर आत मिट्ट काळोख. फरशीवर ठोकल्या. आधी कुंभारमाशीचं मातीचं घर पडलं. मग वाळके झेंडू. मग अक्षता, हळदकुंकवाने लाल झालेल्या, पडतच राहिल्या.

"काका," साहेब म्हणाले, "यातून बार काढला असतात, तर तुम्हीच पडला असतात."

सगळे पोट धरधरून हसले. नवरा सुटला. शिकारी गेला.

त्या दिवसापासून खाली पोरं यांना 'अक्षता काका' म्हणू लागली. हे खाली जाईनात. पाहुणे आले तरी गप्प. लाटणं जागच्या जागी, पोळ्या वेळेवर. चाळीस वर्षं हेच मागत होते ना मी? आणि आता घर खायला उठत होतं. भांडी घासायला येणारी गुणाबाई म्हणाली, "काकी, काका आजारी हाय का? काय बोलत नाय." मला रडूच कोसळलं. तुरुंगातून ओढून आणला खरा, पण ज्याला आणला तो माणूस कुठे होता?

काल संध्याकाळी मी पोळ्या करत होते. हे गॅलरीत बसले होते. तेवढ्यात खाडीकडून बदकांचा थवा आला, आमच्या बिल्डिंगच्या अंगावरच. मी कणकेच्या हातांनीच लाटणं आणि रवी उचलली आणि यांच्या मांडीवर ठेवली.

"अहो, लवकर सांगा. उजवी की डावी?"

हे बघेनात. मला वाटलं, संपलं. मग हळूच मान वर झाली. एक डोळा बारीक झाला.

"लांब आहेत अजून," हे म्हणाले. "डावी. आणि तू हलू नकोस, उधळतील."

मी हलले नाही. आत तव्यावरची पोळी करपली, तरी हलले नाही.