दोन बोटं जास्त

गल्लीतल्या बहुतेक पुरुषांच्या पँटी मास्तरांच्या हातच्या. गळ्यात टेप असायची ती नुसती शोभेला. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत मास्तरांच्या डोळ्यांनी त्याचं माप घेऊन टाकलेलं असायचं. "नजरेत माप पाहिजे," हे ते येताजाता ऐकवायचे आणि ऐकणाऱ्याचे कान किटले तरी ऐकवायचे. कापड आटतं म्हणून खाली दोन बोटं जास्त धरायची, ही त्यांची दुसरी सवय. जास्त झालं तर दुमडता येतं, कमी पडलं तर बोंब.

बायकोच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं की उकिडवं बसणं कायमचं बंद. आणि मास्तरांच्या घरात संडास जुना, उकिडवं बसायचाच. त्यामुळे बाई इस्पितळातून थेट लेकीकडे गेल्या. तिथे कमोड होता, वेगळी खोली होती, जावईही भला माणूस. "बाबा, आईला आता इथेच राहू द्या ना," लेक म्हणाली. "तुमच्याकडे तिला उठवणार कोण?" मास्तर मान हलवून निघाले. घरी येऊन एकट्यापुरता चहा टाकताना मात्र त्यांना रडू आलं. चहा तसाच ठेवून ते प्लंबरकडे गेले.

प्लंबरला सगळे सावकाश म्हणत, कारण कुणी घाई केली की तो तेवढा एकच शब्द बोलायचा. त्याने जुनं भांडं फोडून काढलं, पाइप बदलला आणि घाम पुसत म्हणाला, "कमोड ठेंगणा पडेल. खाली विटांचा ओटा घेऊ. वहिनींचं गुडघ्यापासून जमिनीपर्यंतचं माप तेवढं आणा."

"माप कशाला? जन्म गेला माझा तिच्याबरोबर. नजरेत आहे."

"सावकाश, मास्तर. लेकीला फोन तरी करा."

"तू विटा लाव रे."

मास्तरांनी खडूने भिंतीवर रेघ मारली आणि हाताच्या सवयीने वर दोन बोटं जास्त धरली. सिमेंट आटत नाही आणि दुमडताही येत नाही, हे काही त्या वेळी त्यांच्या डोक्यात आलं नाही.

लेक आईला घेऊन आली ती जरा अविश्वासानेच. बॅग तिने गाडीतच ठेवली. "जमतंय का बघू. नाही जमलं तर परत नेते," असं तिने दारातच सांगून टाकलं. वॉकर टेकत बाई आत गेल्या. नव्या फरशीवरून त्यांनी नजर फिरवली, भिंतीला बसवलेला दांडा हलवून पाहिला आणि "छान केलंत हो," म्हणाल्या. मग झाकणावरच बसून पाहिलं.

टाचा टेकेनात. नुसते अंगठे फरशीला लागत होते. त्यांनी दांडा धरून उठायचा प्रयत्न केला, पाय सरकला आणि लेकीने धावत जाऊन त्यांना सावरून परत बसवलं.

"मोठ्या वर्गातल्या बाकावर बसवलंत की मला," बाई हसत म्हणाल्या. पण त्यांचे डोळे भरून आले होते. लेकीने वॉकर पुढे सरकवला. "चल आई," एवढंच म्हणाली.

मास्तरांचा चेहरा पार उतरला. ते गुडघे मोडत खाली फरशीवर बसले, बायकोची टाच हातात धरली आणि गुडघ्यापर्यंत टेप लावली. आकडा त्यांनी दोनदा वाचला.

"एवढी लहान कधी झालीस गं?"

"मी होते तेवढीच आहे. तुमची नजर मेली सगळी गिऱ्हाइकांच्या पँटींत."

मास्तरांना हसू आलं आणि लाजही वाटली. साऱ्या गल्लीची मापं त्यांना तोंडपाठ, आणि घरातलं माणूस त्यांनी अंदाजाने धरलेलं. "फोडून परत करून घेतो," ते लेकीकडे न बघता म्हणाले. "थोडे दिवस दे मला."

लेक काही बोलायच्या आत बाईच म्हणाल्या, "सिमेंट वाळेस्तोवर येते तुझ्याकडे. पण गाडीतली बॅग आणून इथे कपाटात ठेव. मला दोन साड्या पुरतील."

सावकाशने ओटा फोडला आणि टेपवरच्या आकड्याप्रमाणे नवा बांधला. 'मी सांगत होतो' असं त्याने म्हटलं नाही, हा त्याचा मोठेपणा. पण मास्तर समोरून गेले की तो गालातल्या गालात हसायचा.

पुढच्या खेपेला बाई आत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. ऑपरेशन झाल्यापासून दाराच्या आत त्या पहिल्यांदाच एकट्या होत्या. मास्तर बाहेर उभे.

"अहो, दाराशी उभे आहात ना?"

"छे गं," मास्तर दाराशीच उभे राहून म्हणाले.

"माझं मी उठेन. तुम्ही जा, दुकान उघडा."

मास्तर थोडे घुटमळले. मग चपला घातल्या आणि खरंच दुकान उघडायला गेले.