छातीवरचा हात

काल मंडईत वैशाली दिसली. सोबत तिची मुलगी होती आणि दोन बायका, बहुधा मुलीच्या नव्या शाळेतल्या ओळखीच्या. त्यांना पाहताच माझ्या मुलाचा, निनादचा हात छातीवर गेला.

ही आमच्या थेरपी सेंटरची खूण. मुलं आत बोलायला शिकायची, तेव्हा आम्ही आया बाहेरच्या बाकावर एकमेकींचे डबे खात बसायचो. ज्यांना शब्द फुटत नाहीत त्यांनाही भेटता-निघताना काही सांगता यावं म्हणून वैशालीनेच सुचवलं होतं, "छातीवर हात ठेवायचा. म्हणजे, मी आहे." पुढे तिची मुलगी बोलू लागली. वैशालीने बाकावर पेढे वाटले, तेव्हा सगळ्यांत जास्त मी रडले, आनंदाने. त्यानंतर ती आली नाही. फोनही उचलेनाशी झाली.

तिची मुलगी बोलते याचं मला वाईट वाटत नाही. पण आधार द्यायला बसलेली माणसं सुखाच्या दिवसांत अडचणीची होतात, हे त्या बाकावर कुणी सांगितलं नव्हतं. तिथे तर आम्ही जन्माच्या बहिणी होतो.

"ओळखीच्या आहेत का गं?" सोबतच्या एका बाईने तिला विचारलं.

"नाही बाई," म्हणत वैशाली भेंडी निवडू लागली.

तिच्या मुलीने मात्र निनादकडे पाहिलं आणि छातीवर हात ठेवला. वैशालीने तो हात अलगद खाली घेतला आणि त्यात कोथिंबिरीची जुडी दिली.